बारा व्होल्ट दावतंय की!

माझ्या दुकानात भांडण होतं ते बहुधा बिलातल्या एकाच ओळीवरून. पार्टाच्या किमतीवर कोणी फारसं बोलत नाही. सेन्सरचे ३,८०० म्हटलं की गिऱ्हाईक खोकं हातात घेतं, होलोग्राम आहे का बघतं आणि पाकीट काढतं. पण त्याच्याखाली मी ‘तपासणी’ असं लिहून समोर आकडा टाकला की चेहरा बदलतो. “तपासायचे कसले पैसे? तुम्ही गाडीत घातलं काय?”

सांगलीत शंभर फुटी रस्त्यालगत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मूळचा मी साताऱ्याचा. चुलते प्रिया स्कूटरच्या कारखान्यात होते, त्यांच्या नादानं १९८६ साली आयटीआय केली आणि लग्नानंतर इकडं आलो. गॅरेजवाले मला वायरमन म्हणतात. फिटर लोकांकडून न सुटलेली गाडी शेवटी माझ्याकडं येते, त्यामुळं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधीच दोन-तीन ठिकाणी पैसे घालवून चिडलेलं असतं. त्याला तपासणीची ओळ दाखवणं म्हणजे भाजलेल्यावर मीठच. तरीही ती ओळ मी लिहितो, आणि सगळ्यांनी लिहावी असं माझं म्हणणं आहे. का, ते सांगण्यासाठी एका गाडीची गोष्ट सांगतो.

गाडी २०१७ सालची, पेट्रोलवरची, पासिंग एमएच १०. म्हणजे मूळची सांगलीची, पण २०२२ पासून साताऱ्याच्या एका शिक्षिका वापरतात. घर ते शाळा चार किलोमीटर, दिवसातून दोन फेऱ्या, अधूनमधून कराड किंवा सांगली. दिवाळीच्या सुमाराला मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पहिल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावून कोड पुसला आणि दोनशे रुपये घेतले. चार दिवसांत दिवा परत हजर. दुसऱ्यानं कोड वाचला, पी०१३५, आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा तिसऱ्या दिवशी लागला. “डुप्लिकेट माल असणार” म्हणून तिसऱ्यानं पुन्हा नवा बसवला, या वेळी कंपनीचा. दिवा लागलाच. चौथा म्हणाला, ईसीएम, म्हणजे गाडीचा संगणक, गेलाय, पस्तीस हजार धरून चाला.

बाई भाचीच्या लग्नाला सांगलीत आल्या तेव्हा कोणीतरी त्यांना माझा पत्ता दिला. गाडीतून उतरल्या त्याच मुळी, “मिस्त्री, मला आधी फक्त एवढं सांगा, ही गाडी विकून टाकू का?” असं विचारत.

मी म्हटलं, “बाई, विकायचं नंतर बघू. आधी सांगा, गाडी वागते कशी?”

हा प्रश्न त्यांना चार महिन्यांत कोणी विचारला नव्हता. त्या विज्ञान शिकवतात, त्यामुळं त्यांच्याकडं वहीच होती. गावात ॲव्हरेज सोळावरून बारावर आलेलं. पण हायवेला लागून कराड ओलांडलं की गाडी पहिल्यासारखी. सकाळी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास, दुपारी नाही. माझं निम्मं काम त्या वहीनं केलं.

इथं थोडं पुस्तकी बोलायला लागतंय. पेट्रोल नीट जळायला एक किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. कार्बोरेटरच्या काळात हे प्रमाण आम्ही स्क्रू फिरवून कानानं लावायचो. आता ते गाडीचा संगणक लावतो, आणि त्याला खबर देतो हा सेन्सर. स्पार्क प्लगसारखाच दिसतो, सायलेन्सरच्या पाइपात बसतो, बावीसच्या पान्यानं निघतो. आत झिर्कोनियाचं टोपण असतं, त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर. (प्लॅटिनम म्हटलं की आमच्या विटा-खानापूरकडच्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचे डोळे चमकतील, पण थर अगदीच नावापुरता असतो.) धुरात प्राणवायू कमी उरला, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तर सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो. प्राणवायू जास्त असेल तर ०.१. संगणक त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. चालू गाडीत हा आकडा सतत वर-खाली नाचत असतो. नाचला तर समजावं की तो कामावर आहे.

अडचण एकच. हा सेन्सर तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही. १९७६ साली बॉशनं पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत तो बसवला तेव्हा तापायचं काम धुरावरच सोडलेलं होतं. चूल पेटून तवा तापेपर्यंत भाकरी थांबते, तसा संगणक अंदाजानं पेट्रोल घालत थांबायचा, आणि अंदाजानं घालणारा जरा जास्तच घालतो. १९८२ च्या सुमाराला त्यात बारीकसा हीटर आला. मग सेन्सर अर्ध्या-पाऊण मिनिटात तापू लागला. बाईंच्या गाडीतला पी०१३५ हा कोड या हीटरच्या सर्किटचा आहे. मागच्या सेन्सरच्या हीटरचा कोड वेगळा, पी०१४१. तेवढंही न बघता भलताच सेन्सर बदललेल्या गाड्या माझ्याकडं आल्या आहेत, पण ते जाऊ दे.

‘सर्किटचा’ हा शब्द महत्त्वाचा. कोड असं म्हणत नाही की सेन्सर गेला. तो म्हणतो की हीटरच्या वाटेवर काहीतरी बिघडलंय. त्या वाटेवर फ्यूज आहे, रिले आहे, दोन-तीन कपलर आहेत, कित्येक फूट वायर आहे, आणि शेवटी हीटर आहे. पलीकडं संगणकाच्या आतून अर्थिंग मिळतं. गल्लीत वीज गेली म्हणून कोणी घरातला पंखा बदलत नाही. गाडीत मात्र आपण तेच करतो.

बाईंच्या वहीवरून एवढं समजलं होतं की सेन्सर स्वतः जिवंत आहे. हायवेला धूर त्याला तापवतो आणि तो काम करतो. चार किलोमीटरच्या शाळेच्या फेरीत धुरानं तो तापेपर्यंत शाळा येते. म्हणजे मेला असेल तर हीटर, किंवा त्याची वाट. पण खात्री करायची तर इंजिन पार गार पाहिजे. मी म्हटलं, “गाडी रात्रभर इथंच ठेवावी लागेल.”

“नुसतं बघायला?”

“नुसतं बघायला.”

बाईंनी किल्ली दिली, पण नजर काही बरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्कॅनर लावून गाडी सुरू केली. सेन्सरचा आकडा ०.४५ वर खिळून बसलेला. हा आकडा सेन्सरचा नसतो, संगणकानं वाट बघत धरून ठेवलेला असतो. एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला सायलेन्सर तापला तसा आकडा हलायला लागला आणि मग झकास नाचला. सेन्सर बरा, हीटर गार, हे पक्कं झालं. गाडी बंद करून सेन्सरचा कपलर सोडला. हीटरच्या दोन तारा एकाच रंगाच्या असतात, काही बनावटींत पांढऱ्या, काहींत काळ्या. त्यांच्यावर ओहम मीटर लावला. सहा ओहम. बनावटीप्रमाणं हा आकडा बदलतो, पण तार तुटलेली असती तर मीटरनं काहीच दाखवलं नसतं. नव्या सेन्सरचा हीटर ठणठणीत होता.

माझ्याकडं कवठेमहांकाळचा एक पोरगा शिकायला आहे. हुशार आहे, फक्त घाई फार. त्यानं किल्ली चालू करून कपलरच्या सप्लायच्या पिनेवर मीटर धरला. “मालक, बारा पॉइंट तीन दावतंय की! वायर ठीक हाय. ईसीएमच गेलाय बघा.”

साताऱ्याचा चौथा मिस्त्रीही इथंच फसला असणार. मीटर खोटं बोलत नव्हता, पण त्याला विचारलेला प्रश्न चुकला होता. तासगावकडच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला हे लगेच कळेल. ठिबकची नळी मध्येच गाळानं तुंबलेली असली तरी शेवटचं टोक बंद ठेवून गेज लावा, प्रेशर पूर्ण दिसेल. पाणी वाहतच नाहीये, तर कमी कशानं होणार? सगळे ड्रिपर उघडले की शेवटचा वेल कोरडा राहतो. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीचा एखादा धागा शिल्लक असला तरी तो बारा दाखवतो. हीटरला मात्र गार असताना दोन अँपिअर लागतात.

मी खणातून माझा दिवा काढला. इंडिकेटरचा जुना २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, एवढंच. एक टोक सप्लायच्या पिनेला, दुसरं बॉडीच्या अर्थला. बल्ब लागला तो उदबत्तीच्या टोकासारखा. मीटर तसाच लावून ठेवला होता, तो बारावरून चारवर आला. पोरगा गप्प झाला. आठ व्होल्ट वाटेत कुठंतरी खाल्ले जात होते.

कुठं, ते शोधणं म्हणजे पायी जाणं. बल्ब पेटता ठेवायचा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला धरायचं आणि दुसरं टोक वायरीच्या वाटेवर एकेक सांध्यावर टेकवत जायचं. रिलेपर्यंत ०.१. फ्यूजच्या पलीकडं ०.२. इथवर ठीक. मग वायर आतल्या बाजूला शिरते, ड्रायव्हरच्या पायाशी प्लास्टिकच्या पॅनेलमागं एका मोठ्या जोडाच्या कपलरमधून जाते. ती कुठून जाते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा माझ्याकडं नाही, हातानं चाचपत गेलो. पॅनेल उचकटायला पाऊण तास गेला. क्लिपा तुटू न देता काढायच्या तर तेवढा वेळ लागतोच. कपलरच्या अलीकडं ०.२, पलीकडं आठ.

कपलर उघडला आणि आतून बारीक, राखाडी, वाळलेला गाळ हातावर सांडला.

ज्यानं २०१९ चा ऑगस्ट सांगलीत काढलाय त्याला तो गाळ ओळखायला लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. पाणी ओसरल्यावर महिनाभर आम्ही दुसरं काही केलं नाही, रस्त्याच्या कडेला गाड्या, त्यांच्या सीटा उन्हात, आणि आम्ही पाइप घेऊन वायरिंग धुतोय. तो वास अजून नाकात आहे. धुतलेल्या, पॉलिश मारलेल्या त्यातल्या कितीतरी गाड्या पुढं लांबच्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. बाईंना ही गाडी ‘एका घरात वापरलेली, कमी फिरलेली’ म्हणून मिळाली होती. कमी फिरली असेल. पोहली मात्र होती.

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक होतं, म्हणून भांड्याला कल्हई लागायची. कपलरच्या पिनांनाही कथलाची कल्हईच असते. गाळाच्या पाण्यानं ती गेली, खालचा धातू हिरवा पडला आणि पाच-सहा वर्षांत पीन आतून खाऊन टाकली. हीटरची पीन तर निम्मी उरली होती. बाकीच्या पिनाही त्याच वाटेवर होत्या. एखाद्या पावसाळ्यात इंधन पंपाची पीन गेली असती तर गाडी खंबाटकी घाटात उभी राहिली असती.

दुपार त्या कपलरवर गेली. कळकलेल्या पिना कापल्या, नव्या कल्हईच्या पिना प्रेसनं बसवल्या, वर स्लीव्ह तापवून आवळलं. वायरी पिळून टेप गुंडाळायचं काम दहा मिनिटांत झालं असतं, आणि दिवा पुढच्या जूनमध्ये परत लागला असता. बल्ब पुन्हा लावला, तो भकाकून पेटला. कपलरमध्ये खाल्ला जाणारा व्होल्टेज आठवरून ०.१५ वर आला. मग पुन्हा गाडी रात्रभर गार ठेवायची, कारण दुरुस्ती झाली हे सुद्धा सकाळीच कळतं. दुसऱ्या दिवशी सेन्सर चाळिसाव्या सेकंदाला नाचू लागला.

बाईंनी डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. गाडीसोबत आलेला मूळचा सेन्सर. साताऱ्यात पहिल्यांदा बदलला तेव्हा “जुना मला द्या” म्हणून त्यांनी मागून घेतला होता. मी त्याच्या हीटरवर मीटर लावला. सहा ओहम. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

दोन सेन्सर, दोन मजुऱ्या, सव्वानऊ हजारांच्या आसपास. बाई काही बोलल्या नाहीत, तो सेन्सर पुन्हा गुंडाळून ठेवला.

आता साताऱ्याच्या चार जणांना शिव्या घालणं सोपं आहे. मी घालणार नाही, कारण त्यांच्या जागी मीही उभा राहिलेलो आहे. सातेक वर्षांपूर्वी वाळव्याच्या एका शेतकऱ्याची गाडी आली होती, कोड हाच. गर्दी होती, मी सेन्सर बदलला. आठवड्यात गाडी परत. ऊस तुटला की उंदीर बांधावरून उठून जिथं ऊब मिळेल तिथं जातात, आणि बंद केलेल्या गाडीच्या इंजिनासारखी ऊब दुसरीकडं नसते. फ्यूजपाशीच वायर कुरतडलेली होती. पैसे मी परत केले, पण त्यांनी ते मोजून घेताना जे बघितलं ते अजून आठवतं.

चूक का होते, ते बघा. सेन्सर बदलायला वीस मिनिटं लागतात, आणि त्यात पार्टावरचं कमिशन अधिक मजुरी मिळते. तपासायला दोन सकाळी आणि एक दुपार लागते, आणि त्याचं गिऱ्हाईक शून्य देतं. अशा बाजारात शहाणा माणूस काय करेल? जो अंदाज मारतो त्याचं घर चालतं, जो शोधत बसतो त्याच्या दुकानात गाड्या तुंबतात. आपण तपासणी फुकट मागतो आणि तिची किंमत नको असलेल्या पार्टाच्या रूपानं चुकती करतो, वर पार्टाचं खोकं घरी नेऊन समाधान मानतो.

मिरजेत सतारवाल्यांच्या गल्लीत जा. तंबोऱ्याची जवारी काढायला लांबून लांबून गवई येतात. कारागीर घोडीवर कानस चार वेळा फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा दोन वेळा फिरवतो. घोडीवरनं निघालेला भुगा चिमूटभर सुद्धा नसतो. “तुम्ही तंबोऱ्यात घातलं काय?” असं त्याला कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. गवयाला माहीत असतं की पैसे कानाचे आहेत. तिथून सांगलीत आलं की तोच माणूस गाडीच्या मिस्त्रीला कान नसतो असं धरून चालतो.

दुसरा दोष ना गिऱ्हाइकांचा ना आमचा. वायर कुठून कुठं जाते याचा नकाशा कंपनीकडं असतो, तिच्या अधिकृत दुकानात असतो, माझ्याकडं नसतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं याच कारणावरून १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रींना मोकळेपणानं देत नाहीत, हा ठपका. प्रकरण पुढं अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनंही आहेत. मी वकील नाही. मला कायद्याची भाषा नको, मला त्या गाडीच्या वायरिंगचं एक पान पाहिजे, ज्यावर लिहिलेलं असेल की हीटरची वायर ड्रायव्हरच्या पायाशी कपलरमधून जाते. ते पान असतं तर बराच वेळ वाचला असता, बाईंचं बिल निम्मं झालं असतं, आणि साताऱ्याच्या पहिल्याच माणसानं कदाचित हे काम केलं असतं. गाडी विकताना कंपनी मालकाला जाडजूड पुस्तक देते, त्यात एसी कसा लावायचा ते असतं. मालकानं गाडी घेतली तर तिच्या शिरांचा नकाशाही त्यानंच घेतला, असं मी धरतो.

काही जण म्हणतील, एवढ्याशा हीटरसाठी कशाला एवढं? गाडी तर चालतेय, पीयूसी तर मिळतंय. बाईंकडंही पीयूसी होतं. ते मिळतं, कारण तिथं तापलेल्या गाडीच्या धुरात नळी घालतात, आणि तापलेल्या गाडीत हा दोष दिसतच नाही. स्कॅनर लावून संगणकाला कोणी विचारत नाही. शाळेच्या चार किलोमीटरमध्ये गाडी जे जास्तीचं पेट्रोल जाळते ते कुठल्याच कागदावर येत नाही. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे. त्यातलं काही आपल्याच कृष्णाकाठच्या उसाचं, त्याबद्दल मला वावगं काही नाही. पण इथेनॉलला एका किलोला नऊच किलो हवा लागते, मिश्रणाचं गणित १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. संगणकानं हा फरक ओळखायचा तो याच सेन्सरच्या भरवशावर. तो गारठून मुका बसला असेल तर जुना अंदाज आता आणखी चुकतो. कोडाचा दिवा म्हणजे मीटरवरची शोभा नव्हे, आणि त्यावर काळी टेप चिकटवणारे लोक मी पाहिले आहेत, सांगलीतही आणि साताऱ्यातही.

तेव्हा मिस्त्रीकडं जाल तेव्हा तपासणीचे वेगळे द्या, आणि त्या बदल्यात आकडे मागा. कुठं किती व्होल्ट होते, किती ओहम होते, दुरुस्तीनंतर किती झाले. जो मिस्त्री आकडे देऊ शकत नाही त्यानं तपासलेलं नाही, त्याला तपासणीचे देऊ नका. आणि बदललेला जुना पार्ट घरी घेऊन जा, बाईंनी नेला तसा.

बाईंचं बिल असं झालं: पिना आणि स्लीव्ह मिळून ९० रुपये, मजुरी ६००, तपासणी १,५००. त्यांनी नवऱ्याला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत होतं. “नव्वद रुपयांच्या वस्तूला दीड हजार नुसतं बघायचे?” बाई म्हणाल्या, “बघितलंय म्हणून नव्वद.” मग माझ्याकडं वळून, “मिस्त्री, काय काय तपासलंत ते सगळं बिलाच्या मागं लिहून द्या. आकड्यांसकट.” मी लिहिलं. त्यांनी वाचलं, पर्समधून पेन काढून माझी दोन ऱ्हस्व-दीर्घं नीट केली आणि घडी घालून ठेवलं.

आठवड्यानं साताऱ्याहून फोन आला. बाईंनी तो कागद तिथल्या गॅरेजमध्ये नेऊन दाखवला होता, भांडायला नाही, वाचायला. दुसरा सेन्सर बसवलेला पोरगाच बोलत होता. “काका, ते बल्बचं काय हाय सांगा की. आमच्याकडं तशीच एक गाडी उभी हाय.”

मी सांगितलं. बल्ब एकवीसचा घे, पाचचा नको. एलईडीचा टेस्टर तर अजिबात नको, तो करंटच ओढत नाही, तुला पुन्हा बारा दाखवेल. इंजिन गार असू दे. बल्ब पेटता ठेवून बॅटरीपासून चालत ये.

“एवढा टाइम कुठला आणू? आणि गिऱ्हाइकाकडनं ह्याचं घेऊ काय?”

मी त्याला माझा आकडा सांगितला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग कुठंतरी पाना खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यानं विचारलं, “बिलात त्ये लिवायचं कसं?”